हसिनाची चक्री

पौड, २ डिसेंबर १९८५
– म्हणे शाळेत पाठवू नका! ह्याच्या लेकीच्या लग्नाचा चुडा मी भरला, आणि हा हेडमास्तर मला दारात उभं ठेवून सांगतो, "ताजबी, तुमची नात बाकावर टिकत नाही. खिडकीतून उड्या मारते. नाताळानंतर घरीच ठेवा." नऊ वर्षांची हसिना घरी ठेवून करू काय? काचेच्या बांगड्यांच्या डब्यांत नाचवू? सकाळीच हिरव्या बांगड्यांची अख्खी माळ फोडली!

४ डिसेंबर
धाकटा भाऊ जैनुद्दीन दुबईहून आला. टीव्हीला जोडायचा गेम आणलाय. "आपा, ह्यात कम्प्युटर हाय." पडद्यावर पांढरा चेंडू, दोन बाजूंना दोन फळ्या. हातातल्या डबीवरची चक्री फिरवली की फळी वरखाली. चेंडू सुटला तशी मी काच फुटेल म्हणून बांगड्यांच्या डब्यांवर आडवी पडले! हसिना लोळून लोळून हसली. मग मीही.

५ डिसेंबर
हसिना चक्री नुसती गरागरा फिरवते. सारखी हरते.

८ डिसेंबर
भाकरी थापताना डोक्यात आलं. आखडलेल्या हातात बांगडी रेटली की फुटते. हात दाबत बसायचं, अंगठा आत वळला की मगच सरकवायची. तेच हसिनाला सांगितलं – "आधी थांब. चेंडू कुटं येणार ते तोंडानं बोल. मग फिरव."
"वर! न्हाई नानी, खाली!"
जैनुद्दीन म्हणाला, "आपा, पोरीला खेळू दे की!" म्हटलं, तू गप. तू पण हरतोयस.

१३ डिसेंबर
हसिनानं जैनुद्दीनला हरवलं!! त्याचं तोंड बघायला हवं होतं. संध्याकाळी आपणहून पाटी घेऊन बसली. ओठ हलत होते – "थांब. हातचा एक. आता लिही." गणित बरोबर! मी बघत राहिले, दूध उतू गेलं. जाऊ दे.

१८ डिसेंबर
हेडमास्तरांच्या पत्नी तुळजाबाई बांगड्या भरायला आल्या. मुद्दाम हसिनाला पुढं बसवलं. "अगं ताजबी, ही फोडंल की!" हसिना पुटपुटत – थांब, अंगठा, आता. एकही फुटली नाही. तुळजाबाईंनी ही कशी शिकली ते सगळं विचारून घेतलं, गेमचंही, आणि भाव न करता गेल्या. असं कधी झालं नव्हतं!

२१ डिसेंबर, शनिवार
हेडमास्तर स्वतः आले, मागच्या दारानं. हाताशी त्यांचा नातू. पोरानं पाय ठेवताच माझा डबा उलथवला. खळ्‌कन! मला हसूच फुटलं. ते खाली बघत म्हणाले, "घरात हाही एका जागी टिकत नाही, ताजबी. तो गेम..."
म्हटलं, "बसवा की. हसिना शिकवंल त्याला. पण शाळेत तिचा बाक कुठला, ते सोमवारपर्यंत सांगा!"