फटफटीचा सांगावा

३ डिसेंबर १९३६
आणली एकदाची. बेळगाव कँपातल्या गोऱ्या साहेबाला विलायतेला परतायचं होतं. त्याला घाई, मला हौस. अमेरिकेची गाडी. नुसतं फटफटी म्हणणं बरोबर नाही, पण गाव तेच म्हणणार. गादी खाली, हँडल म्हशीच्या शिंगांएवढं रुंद, पाय पुढे फळ्यांवर सोडून ऐसपैस बसायचं. क्लच पायात, गिअर हातात, टाकीच्या बाजूला. काकतीपाशी बंद पडली. दोन तास घाम गाळला, प्लग पुसला, तेव्हा सुरू. पण तवंदी घाट उतरताना... काय लिहू. स्तवनिधीला थांबून दर्शन घेतलं. बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा काहीतरी माझं एकट्याचं.
आप्पा सोप्यात बसले होते. बघितलं आणि एवढंच म्हणाले, "बैल हो म्हटलं की थांबतोय. ह्ये थांबतंय काय?"

६ डिसेंबर
सदलग्याला, आक्काकडे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, आक्का अकराची. तिनेच वाढवलं, म्हणून पहिली फेरी तिला. आवाज ऐकून पिठाच्या हातांनीच बाहेर आली. दाजी नको नको म्हणत होते तरी पदर खोचून मागे बसली. नदीपर्यंत नेली. आधी "हळू रं बाळू, हळू." ओढा ओलांडल्यावर, "आता जोरात घे की रं!" चाळिशीला टेकलेली बाई, पोट धरून हसत होती. आज मी सुखी आहे. लिहून ठेवलेलं बरं.

१७ जानेवारी १९३७
तेल गळतं. कुठून ते सापडत नाही. काल किक उलटी बसली, पोटरी सुजली. आज कारदग्याच्या वाटेवर वाळूत आडवी झाली, उचलायला चार माणसं. चौघंही हसत होते, मी सोडून. सौ. म्हणते, घरभर तेलाचा वास. तरी दिवसातून एकदा फडकं घेऊन पुसत बसतो.

९ मार्च
पाटलांचे चुलते सकाळी वारले. लेक अकोळला दिलेली. पूर्वी मयताचा सांगावा महारवाड्यातला भिवा न्यायचा, चालत. आता महारवाड्याने बैठक घेऊन गावकीची कामं सोडली. मेलेली जनावरं ओढणं, सांगावे नेणं, सगळं. त्यावर गावाने त्यांना वाळीत टाकलं. आम्हीही टाकलं. म्हणजे गावाच्या बैठकीत आप्पांनी मान हलवली, शेजारी बसून मीही हलवली.
तर पाटील स्वतः दारात. "बाळगोंडा, तुझ्याकडं फटफटी हाय. अर्ध्या तासाचं काम." सगळी गल्ली बघत होती. खरं सांगायचं तर छाती फुगली. गेलो. लेक दारातच भेटली, तिला सरळ सांगितलं, तुझा बाप गेला. ती उभ्या जागी कोसळली, कपाळ उंबऱ्यावर आपटलं. शुद्धीवर आणून, बैलगाडीत घालून आणेपर्यंत इकडे मयत उचललं होतं. बापाचं तोंड दिसलं नाही तिला.

१२ मार्च
अकोळची लेक डोळ्यांपुढून जात नाही. भिवाच्या रानाकडे गेलो. म्हातारा बांधावर बसला होता. माझ्या हातून काय झालं ते सांगितलं. मग म्हणाला, "लेकीला कंदी 'गेला' म्हनायचं न्हाय, मालक. 'लई जास्त हाय, तुला बोलवलंय,' येवढंच. तिला आतनं कळतंय. पर पाय चालत ऱ्हात्यात." आणखी सांगितलं, दारात बसायचं नाही, पाणी मागायचं नाही. "आमाला कुनी दिलंबी नसतं म्हना," असं म्हणून हसला.

२८ जून
सां. भोज. सां. बोरगाव. सां. पुन्हा अकोळ, दुसरं घर. (सांगावा हा शब्द पुरा लिहायचा कंटाळा आला. यापुढे सां., आणि फटफटी ती फ.)
भिवाचं वाक्य लागू पडतं. लेकी रडत येतात, पण येतात. तोंड बघायला मिळतं.
परत आलो की सौ. मागच्या दारी घागर घेऊन उभी. अंघोळीशिवाय घरात घेत नाही. फ.वरही दोन तांबे ओतते. साहेबाने बजावलं होतं, ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोवर पाणी पडू देऊ नका. सौ.ला मॅग्नेटो कसा समजावू. मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत किक मारत बसायचं.

६ फेब्रुवारी १९३८
बेडकिहाळला मामेभावाचं लग्न. नवा कोट घातला, फ. घासूनपुसून चकचकीत केली. मांडव दिसायच्या आधीच वाजंत्री थांबली. वाटलं, जेवणाची वेळ झाली असेल. आत शिरतो तर सगळा मांडव उभा. नवरीची आई "कोन गं बाई, कोन?" करत खाली बसली. मी ओरडतोय, "अहो, लग्नाला आलोय! जेवायला!" कुणीतरी हसलं, मग कुणीच नाही. मामांनी हात जोडून सांगितलं, "तेवढी फटफटी वढ्यापल्याड लावून ये बाबा." लावली. चालत परत आलो, पंगतीत बसलो, पोळी पानात तशीच टाकली. लोकांनी वळून बघावं म्हणून गाडी घेतली होती. आता बघतात. फार राग आला आहे आणि तो कुणावर काढावा कळत नाही.

२० मार्च
सदलगा. गुळाची ढेप घेऊन गेलो. आक्का दारात, हात चौकटीवर, तोंड पांढरं पडलेलं. "आप्पा?" एवढंच. म्हटलं, "काय न्हाय गं. गूळ आनलाय." तिथेच मटकन बसली, आणि मग उठून पाठीत धपाटा घातला.
"कुनाच्याबी वाटंनं तुजी फटफटी वाजली का माजं पानी पानी हुतंय बघ. येगळा आवाज न्हाय व्हय रं तिला?"
वेगळा आवाज नाही. रबरी भोंगा आहे. शेवटी ठरलं ते असं: सगळं ठीक असेल तर गावाबाहेरच्या वडापाशी तीनदा भोंगा वाजवायचा. "तीन वाजलं की मी च्या ठेवते," म्हणाली. निघताना वडापाशी उगाच थांबून तीनदा वाजवला. गच्चीवरून तिने हात केला.

१५ मे
वड. तीन भोंगे. चहा उकळत होता. एवढ्या मुलखात हा एक उंबरा उरला आहे जिथे मी आलो की चहा ठेवतात.

११ सप्टेंबर
सां. गळतगा. एका घरात म्हातारा आजारी होता, त्याचा माझ्या सांगाव्याशी काही संबंध नाही. पण फ. दारावरून गेली आणि आतून बाई धावत आली, मूठभर माती फेकली माझ्या अंगावर. "फुडं जा! फुडं जा!"
येताना भिवा भेटला. त्याला म्हटलं, लोक आवाज ऐकून दारं लावून घेतात रे. तो म्हणाला, "आमी चालत जायचो तवाबी तसंच हुतं. सनाच्या दिशी कुनाकडं गेलो तरी बाया आमाला बघूनच रडाय लागायच्या. तुमचं दीड साल झालं, मालक. आमचं किती पिढ्या, त्ये कुनी मोजलंय?"
"मग सोडून देऊ?"
"सोडा की. आमी सोडलं, तर तुमी आमचं पानी तोडलंसा. तुमचं कोन तोडनार हाय?"
घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. त्याच्यावर रागावलो नव्हतो. बैठकीत हललेली माझी मान आठवत होती.

१४ फेब्रुवारी १९३९
आप्पांचं चार दिवस झाले काही खरं नाही. श्वास वर लागलेला. निपाणीचे डॉक्टर येऊन गेले, दोन दिवस म्हणाले. सकाळी थोडी पेज घेतली, शुद्ध चांगली आहे. माझा हात धरून म्हणाले, "आक्काला आन. डोळं मिटायच्या आदी बघू दे." निघतो.

१५ फेब्रुवारी
कालचं लिहायला हवं.
वडापाशी थांबलो. हात भोंग्यावर. तीन वाजवावेत तर सगळं ठीक नाही. न वाजवावेत तर तिला वाटणार, गेले. एक वाजवला. एकाचं आमच्यात काही ठरलंच नव्हतं. वाटलं, ती विचारेल.
विचारलं नाही तिने. मी पोचलो तेव्हा मयताचं कळल्यासारखी चूल पाणी ओतून विझवून उंबऱ्यात बसली होती.
म्हणालो, "आक्का, आप्पा लई जास्त हायत. तुला बोलवलंय."
तोंडातून निघून गेल्यावर कळलं. तेच वाक्य. शब्दाला शब्द तेच, जे दोन वर्षं दारोदार म्हणत आलो.
"जित्तं हायत गं. तुजी शपत. सकाळी पेज घेतली. बस लौकर."
ती माझ्याकडे बघत राहिली. "असं सांगून किती लेकींना आनलंस रं बाळू?"
शपथा घातल्या, पाया पडलो, ओरडलोसुद्धा. जितकं जास्त बोलावं तितकं खोटं वाटत होतं, मला स्वतःलाही. शेवटी दाजींनीच तिला दंडाला धरून मागे बसवलं आणि ते गाड्या जुंपायला गेले. रस्ताभर तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं. ओढा आला, नदी आली. आमच्या शिवेवर पोचलो आणि तिने गळा काढला. "गेलासा की वो आप्पा, मला न बघता गेलासा..." मी मागे वळून ओरडतोय, जित्तं हायत, जित्तं हायत, पण फ.च्या आवाजात कुणाला ऐकू जाणार. गल्लीतल्या बायका बाहेर आल्या आणि त्यांनीही सुरू केलं. सकाळीच येऊन आप्पांशी बोलून गेलेल्या ह्या बायका! त्यांना वाटलं, आत्ताच गेले.
आप्पा सोप्यात खाटेवर. डोळे उघडे. दार उघडलं तसं विचारलं, "कोन गेलं रं?"
आक्काचा आवाज मधेच तुटला. तिने त्यांचे पाय धरले.
दुपारी सदलग्याच्या तीन गाड्या आल्या. दाजी आणि त्यांचे भाऊबंद, पटके काढून हातात घेतलेले, माना खाली. सोप्यात आले आणि आप्पांची नि त्यांची नजरानजर झाली. कुठे बघावं कुणाला कळेना. आप्पा म्हणाले, "आलाईसा तर जेवून जावा." जेवले बिचारे. गाड्या गेल्यावर आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं ते दिवेलागणीपर्यंत. स्वतःचं रडणं ऐकलं त्यांनी. मी ऐकवलं.

२३ फेब्रुवारी
डॉक्टरांचे दोन दिवस केव्हाच गेले. आप्पा आहेत. पेज घेतात, कधी भाकरीचा कुस्करा दुधात. आक्का त्यांच्या पायथ्याशी. माझ्याशी कामापुरतं बोलते. फ.वर सौ.ने गोणपाट टाकलं आहे, मी काढलं नाही.

२ मार्च
दाजींचा दुसरा निरोप, कधी येणार म्हणून. आप्पा आज टेकून बसले. मला म्हणाले, "तिला पोचव. तिचा संसार हाय." आक्काला म्हटलं, चल, सोडतो.
"मी जाईन. मंग येक दिस तू येशील. काय सांगशील तवा? 'गेलं' म्हनशील, तर माजं पाय चालायचं न्हाईत. 'जास्त हायत' म्हनशील, तर मी मानायची न्हाय. त्यापरास हितंच बसते."
"फटफटी इकून टाकतो गं."
"फटफटी इकून तुजं तोंड बदलतंय व्हय?"
आप्पा ऐकत होते. ती कशाची वाट बघत बसली आहे हे त्यांना कळतं, आणि त्यांना कळतं हे तिलाही. एकाच खोलीत दोघं, आणि मी दारात.

९ मार्च
पाटील आले आहेत. वरच्या गल्लीतलं म्हातारं माणूस पहाटे गेलं. लेक भोजला. "आन कोन हाय रं जायाला?"
नाही म्हणणार होतो. शब्द ओठावर आला होता. आतून आक्काचा आवाज आला, आठ दिवसांत पहिल्यांदा आपणहून.
"जा. पर तिला खरं सांग."
आप्पा खोकले. म्हणजे जागे आहेत, ऐकलं.
गोणपाट काढलं आहे. दोन वर्षांपूर्वी याच तारखेला अकोळच्या त्या दारात खरं सांगितलं होतं, तिचं कपाळ उंबऱ्यावर आपटलेला आवाज अजून कानात आहे. पाटील अंगणात येरझारा घालताहेत, हाका मारताहेत. तेवढं लिहून उठतो. भोजला पाऊण तास लागतो. काय सांगायचं ते तेवढ्यात ठरवायला हवं.