नव्या नाड्या

मायामी, २ जानेवारी १९५४

प्रिय आई,

आधी एवढं वाच, मग बाकीचं: माझे हात, पाय, दात सगळे जागच्या जागी आहेत. तुला संत्र्यांची पेटी पाठवली आहे. इथे जानेवारीतही लोक बाह्या दुमडून फिरतात. आपल्या गोठ्यातलं पाणी गोठतंय का गं?

आम्ही फुटबॉलचा सामना हरलो, हे रेडिओवर ऐकलंच असशील. समोरचा संघ देशात चौथा, आम्ही सहावे, तरी तिसऱ्या सत्रापर्यंत आम्हीच पुढे होतो. त्याच सत्रात माझ्या बुटाची नाडी तुटली. गेल्या वर्षीच्या सवयीने मी ती बदलायला बाहेर पळालो. यंदाचा नवा नियम डोक्यातून गेलाच होता: एकदा बाहेर आलं की ते सत्र संपेपर्यंत परत आत जाता येत नाही. कोच म्हणाले, "बस आता इथे, आणि बघ."

माझ्या जागी लेलंड गेला. त्याच्याच बाजूने त्यांचा गडी चेंडू काखेत घेऊन निसटला, आणि तिथेच आम्ही हरलो. मैदानावरून परतताना बसमध्ये सगळे लेलंडवर तोंडसुख घेत होते. तो मला म्हणाला, "वॉल्ट, तू असतास तर आडवा केला असतास त्याला."

तू नाताळात पाठवलेल्या नव्या नाड्या बॅगेतच आहेत. जुन्या घालून याआधीचे सगळे सामने जिंकलो, म्हणून बदलल्या नाहीत.

बाबांची तार आली, गुडघा सांभाळ म्हणून. गुडघा दुखावला म्हणून मी बाहेर गेलो, असं रेडिओवाल्याने सांगितलं असणार. त्यांनी विचारलं, तर बरा होतोय म्हण.

तुझा,
वॉल्ट