सुकऱ्या हलला

खोडाळा, कार्तिक शु. ९, शके १८४०

सौ. द्वारकेस,

मी धडधाकट आहे, हे आधी वाच, मग पुढचं.

रानाचा फोटो काढणं कठीण काम. काचेवर नुसती खोडं आणि फांद्या दिसतात, नजर टेकायला जागा सापडत नाही. म्हणून वाटाड्या सुकऱ्याला पांढरं पागोटं बांधून मोठ्या सागाला टेकून उभं केलं. सावलीत फोटो उमटायला वेळ लागतो. "वीस मोजेपर्यंत हलू नको," म्हटलं. तो मात्र थरथरत होता. मला वाटलं, कॅमेऱ्याला भितोय. रागावलोसुद्धा.

चौथ्या दिवशी तो तापाने गेला. इकडे घरोघरी तोच ताप आहे.

काल त्याची बायको भागी आली. "माझा माणूस दाखव," म्हणाली. मी फोटो पुढे धरला. सागाच्या सालीची भेग न् भेग स्पष्ट आली आहे, आणि माणसाच्या जागी पांढरा धूर. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"इथं कोणीच नाही," म्हणाली.

बाळ्याचं कपाळ रोज हात लावून पाहतेस ना? त्याला कोणाकडे पाठवू नकोस.

अक्षर हललंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. इथे गारठा फार आहे.

तुझा,
त्र्यंबक