नववा आडवा शब्द

प्रिय डेस्मंड,

'प्रिय' रिवाज म्हणून लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस.

ऑब्रेची चौकशी तू चिठ्ठ्या पाठवून करतोस, दारात मात्र येत नाहीस. तर ऐक. तो आता काठी टेकत बागेच्या फाटकापर्यंत जातो. शब्द अजून परतलेले नाहीत. परवा त्याला चमचा हवा होता. 'ते... लापशीचं' म्हणत राहिला आणि शेवटी टेबलावर मूठ आपटली. तुझ्याबरोबर इतकी वर्षं आपल्या लडलो गावच्या साप्ताहिकाचं शब्दकोडं रचणारा, चहा निवेपर्यंत एका शब्दाचे चार अर्थ काढून दाखवणारा माणूस हा. सोडवणाऱ्याला चकवावं, पण खोटं सांगू नये, हा त्याचा नियम तू त्याच्याच टेबलाशी बसून शिकलास.

तुम्ही दोघं श्रूझबरीच्या कोडी-स्पर्धेला निघालात तेव्हा उशीर तुझ्यामुळे झाला होता; मार्मलेड लावलेला टोस्ट संपेपर्यंत तू उठेनास. मग तू चालवत असलेली गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. तुला कपाळावर खरचटलं. इस्पितळाच्या व्हरांड्यात माझा हात धरून तू म्हणालास, "ऑब्रेनंच घाई लावली, हेस्टर. पाय दाब, पाय दाब म्हणत होता." पोलिसांनाही तेच सांगितलंस. ऑब्रेला बोलता येत नव्हतं, आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला. माझ्या नवऱ्याला भरवताना, त्याची हनुवटी पुसताना मनात म्हणायचे, 'स्वतःच्या हातानं ओढवून घेतलंस.' हे तू माझ्याकडून करवलंस, डेस्मंड.

तुम्हा दोघांच्या टोपणनावानं तू एकट्यानं कोडं चालू ठेवलंस, तेही मी चालवून घेतलं. या शुक्रवारी नववा आडवा शब्द होता: 'पाय घट्ट दाबून सुटणे.' सहा घरं. उत्तर, वेग वाढवणे. घोड्याला टाच मारता येते, वल्ह्यांना जोर देता येतो, वाऱ्याला झपाटा येतो. या शब्दाकडे जायला वाटा कितीतरी आहेत. तुला सुचला तो गाडीतला पाय. लिहिताना हात अडखळला तरी का रे?

डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून मी कोडं ऑब्रेपुढे ठेवते. तो त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसला. मग पेन्सिल उचलून पहिल्या दोन घरांत 'हळू' लिहिलं आणि उरलेली चार तशीच सोडली. मी म्हटलं, नाही रे, उलट आहे. त्यानं माझं मनगट पकडलं.

"मी... हळू म्हणालो. डेस्मंड हसला."

अपघातानंतरचं त्याचं ते पहिलं सबंध बोलणं. "घाई तू लावली होतीस का?" असं मी त्याला विचारलं, तर तो नुसती मान हलवत राहिला, नाही, नाही, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्याची माफी मागितली. तुझ्या वाट्याची मी मागणार नाही.

सोमवारी मी त्याला पोलीस ठाण्यात घेऊन जाणार आहे. दोन वाक्यांना त्याला अख्खी सकाळ लागली तरी आम्ही तिथे बसून राहू. त्याआधी जाऊन खरं सांगायचं असेल तर सांग. लगेच ठाण्यात जायला मी कोट चढवत होते तेव्हा ऑब्रेनं बाही धरली आणि म्हणाला, "आधी... त्याला कळव." म्हणून हे पत्र. माझ्यावर असतं तर तुला ते दारात उभ्या राहिलेल्या शिपायाकडूनच कळलं असतं.

तुझी आता कोणीच नसलेली,
हेस्टर