काज लहान झालंय

३ मार्च
कात्री बिघडली. बँकवाल्याच्या कोटाची बाही कापताना रेघ सोडून गेली. तीस वर्षांच्या टेलरिंगमध्ये पहिल्यांदा. समोर काज-बटण करत बसलेली ही म्हणाली, कात्री दोनदा हातातून पडली तुमच्या. धार गेली की पडतेच, मी म्हटलं. धारवाल्याकडे पाठवली.

४ मार्च
धार लावून आली. तरी उजवा हात जड. थोड्या वेळाने जडपणा आपोआप उतरला, म्हणजे निदान माझंच खरं: हातावर झोपलो होतो. ही बीपीच्या गोळ्यांचं विचारत बसली. संपल्यात. पण मला बीपी जाणवतच नाही, म्हणजे नसणारच. डॉक्टरकडे चला म्हणून डोकं खाल्लं. रविवारी नक्की, असा शब्द दिला. रविवारी दवाखाना बंद असतो, हे तिच्या लक्षात आलं नाही.

६ मार्च, सकाळ
हिने मला हसून दाखवायला सांगितलं. लग्नानंतर ही फर्माईश पहिलीच. हसलो, तर रडायलाच लागली. म्हणे तोंड एका बाजूला गेलंय. बायकांना निमित्तच हवं. जरा पडतो, उतरेल.

६ मार्च, दुपार
उतरलं नाही. अक्षर वाकडं येतंय, पेन भिकार आहे. ही टॅक्सी घेऊन आली. मी म्हटलं, आधी इस्त्रीचा शर्ट. टेलर बनियनवर दवाखान्यात गेला तर गिऱ्हाइकं काय म्हणतील? बटण लागत नाहीये. काज लहान झालंय. हिनेच केलंय.
"अहो, बटणं मी गाडीत लावते. चला."
टॅक्सीवाला हॉर्न मारतोय. थांबेल. तीनच राहिलीत

१० एप्रिल
डावा हात. सावकाश लिहितो.
जवळच्या हॉस्पिटलात डोक्याचा स्कॅन करायचं मशीनच नव्हतं. मोठ्याकडे धाडलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथले डॉक्टर हिला म्हणाले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सकाळीच का नाही आणलंत? हिने माझं नाव सांगितलं नाही. म्हणाली, गाडी मिळाली नाही.
नर्सने शर्ट कापून काढला. तोही वेडावाकडा. बँकवाल्याचा कोट हिने पुरा केला. बाही बरी बसली म्हणतात. मी पाहिलेली नाही.

२ मे
सकाळी शर्ट स्वतः घातला. बटणं डाव्या हाताने झटक्यात लागली, पाचही. हिला ओरडून सांगितलं. माझे शब्द अजून नीट कळत नाहीत, पण तिला कळलं. महिन्याभरात कात्री धरणार.

२ मे, संध्याकाळ
शर्ट काढताना चर्र आवाज आला. उलटा करून पाहिला. आत वेल्क्रोची चिकटपट्टी आहे. बटणं वरून नुसती शोभेला टाचलेली, आणि पाचही काजं शिवून बंद केलेली. टाका हिचाच, मी कुठेही ओळखेन.
खूप रडलो. ही स्वयंपाकघरात होती.
शर्ट सुलटा करून खुंटीला लावला. उद्या सकाळी पुन्हा ओरडून सांगेन, लागली म्हणून.