शाळेत गेलेली वर्षे

१४ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र पोचलं. भावोजींची कंबर आता कशी आहे? इथे सगळे ठीक. धाकटीचा दात पडला, तो ती येईल त्याला दाखवत असते.

तुझ्या हातचं पहिलंच पत्र! 'ळ' अजून उलटा काढतेस, पण वाचता येतं. पुढे मात्र लिहिलंस, 'दुपारचा बायकांचा वर्ग बंद केला. आमची वस्ती म्हणे पुढारली! कुण्या दीडशहाण्याने मोजलं? तू त्याच खात्यात आहेस, जरा बघ.'

बघितलं, ताई.

आमचं काम तुला ठाऊक आहे. माणसं किती जगतात, किती शिकतात, किती कमावतात यावरून कोण मागे राहिलं ते ठरवायचं आणि नकाशा रंगवायचा. वस्तीतली बारा घरं चिठ्ठ्या टाकून निवडतात, घरटी एका मोठ्या माणसाला विचारतात. शिक्षणाची सरासरी सहा वर्षांच्या आत असेल तरच वर्ग मिळतो. तुमची सव्वासहा आली. नकाशात पुढारलेल्या वस्तीचा पिवळा रंग मीच भरला.

चिठ्ठीत तुझं घर निघालं, तेव्हा मी साहेबांना घेऊन आलो होतो. मी फॉर्मवरचा प्रश्न वाचला, 'आपण किती वर्षे शाळेत गेलात?' मी 'आपण' म्हटल्यावर तू फिस्सकन हसलीस.

"तेरा वर्षं गेले की! तीन माझी, दहा तुला सोडायला."

साहेबही हसले. मी नाही. मला लाज वाटली, ताई. आई गेल्यावर माझ्यासाठी जिने शाळा सोडली, तिचीच लाज. साहेबांचं लक्ष नाही असं बघून मी 'दहा' लिहिलं. तिनेच सांगितलेला आकडा आहे, अशी स्वतःची समजूत घातली. ती दहा वर्षं माझी होती. तुझ्या तीनने सरासरी सहाच्या खालीच राहिली असती.

काल साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी तुझा फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "बहिणीची सही आणा. वर्गाचं मी बघतो, तुमचं मात्र सांगता येत नाही."

फॉर्म सोबत आहे. दहा खोडून तीन केले आहेत, शेजारी सही कर. अंगठा नको. सही तू त्याच वर्गात शिकलीस.

तिसरीपर्यंत शिकलेल्या ताईचा,
दीडशहाणा