डोंगरावरचे कुपे

३ नोव्हेंबर, सोमवार
चाकणच्या मासळी कारखान्यात आज रुजू झाले. पांढरे गमबूट, स्वतःचं टेबल, रहाटणीपासून कंपनीची बस! मी तपासून सही केली की माल परदेशी जातो. कापणीवर खेडकडचे गोरक्षभाऊ आहेत. अख्खा कुपा, म्हणजे ट्यूना मासा, ते पाच मिनिटांत सोलतात. वासाने माझा चेहरा वाकडा झालेला पाहून म्हणाले, "मलाबी आठ दिस जेवान गेलं न्हाई."

६ नोव्हेंबर, गुरुवार
मॅनेजर हरिहर सर खुशीत आहेत. आमच्या बोटीला खोल समुद्रात नवी जागा सापडली. बोट चालवणाऱ्या तांडेलाने फोनवर सांगितलं, तिथे तळ एकाएकी डोंगरासारखा वर आलाय, नकाशात नाही. अशा उंचवट्यावर प्रवाह आपटतो, बारीक मासळी वर येते आणि तिच्यामागे कुपे. दोन दिवसांत बोट भरली. घाईत पोटं साफ न करताच मासे पाठवताहेत.

८ नोव्हेंबर, शनिवार
माल आला. बर्फात असूनही मासे आतून कोमट. थर्मामीटर बदलला, तरी छत्तीस. पोटात बारीक मासळी नाहीच. पांढुरके, बुळबुळीत गोळे, वर माणसाच्या अंगावर असते तशी लव. एक फुटला आणि आंबट, दाट पाणी टेबलावर पसरलं. मी दोनदा ओकले. सर म्हणाले, धुऊन पॅक करा. उरलेल्या मासळीचं दुपारी कॅन्टीनमध्ये कालवण केलं. सगळे जेवले. मला बघवेना.

१० नोव्हेंबर, सोमवार
घाणीचं पिंप उघडलं. शनिवारी शंभरेक गोळे टाकले होते. आज एकच होता, पिंपाएवढा. गरम. त्याची कातडी वरखाली होत होती. गोरक्षभाऊ तो आकड्याने ओढायला गेले, तर हात कोपरापर्यंत आत रुतला. सुटला तेव्हा बोटांवर नखं नव्हती. दुखत न्हाई, म्हणाले. मी सही नाकारली. सर म्हणाले, मग ते स्वतः करतील.

११ नोव्हेंबर
तांडेलाला फोन केला. हळू आवाजात म्हणाला, "बाय, डोंगर काल व्हता तिथं नाय. आमच्या मागं येतोय."
म्हणजे कुपे त्याचंच मांस खातात—
आणि आपली माणसं कुपे—

१२ नोव्हेंबर
बसमध्ये पॅकिंगच्या दोघी खांद्याला खांदा चिकटवून बसलेल्या. गेटवर उतरल्या त्याही तशाच. मधली कातडी ताणलेली, ओली. हसत होत्या.
गोरक्षभाऊ आले नाहीत. त्यांची बायको कुशाबाई फोनवर नुसती रडली.
कंटेनर दुपारी निघणार. त्याच्या कुलपाची किल्ली मी उचलली. तपासणीच्या खोलीत कडी लावून बसलेय.

साडेअकरा
काचेबाहेर सगळे. वेगवेगळे नाहीत. किती हात आहेत ते—
सरांचा आवाज शांत आहे. "सुखदा, किल्ली दे. आत ये आमच्यात."
तोंड सरांचं नाही.
किल्ली मोरीच्या जाळीतून खाली टाकली. पडल्याचा आवाज आला नाही. कुणीतरी खालून झेल—
जाळी खालून वर उचलली जातेय. वास—
कोमट आहे, माझ्या पायाला